मधल्या फळीजवळ

१

आनंदराव मेश्राम सरकारी पगार घेऊन रोज सकाळी तीन काळ्या फळ्यांचा फोटो काढत. सोयऱ्याधायऱ्यांत हे सांगायची त्यांच्या बायकोला, सुमतीला, लाज वाटे. ती नुसतं म्हणायची, "हवा ऑफिसात हायेत." ऐकणारा हटकून म्हणायचा, "म्हंजे हवा खायची नोकरी हाय म्हना!" तसं पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

ऑफिस सेमिनरी हिल्सच्या उतारावर होतं. गच्चीवर सिमेंटात रोवलेला एक लोखंडी खांब, खांबावर बोल्टांनी आवळलेला कॅमेरा, आणि त्याला हातभर लांब भिंग. समोर पूर्वेला सगळं नागपूर पसरलेलं. पहिली फळी ऑफिसच्याच पाण्याच्या टाकीवर होती. दुसरी मैल दोन मैल पुढे इंदोऱ्यातल्या एका गच्चीवर. तिसरी त्याच्याही पलीकडे, रेल्वेलाइनजवळच्या गोदामावर. फळ्या दरवाजाएवढ्या, एका मापाच्या, एकाच डब्यातल्या रंगाने काळ्या केलेल्या. तरी फोटोत तिघींचं काळं तीन तऱ्हेचं येई.

याचं कारण आनंदराव फार छान समजावून सांगत. हवेत धूळ असते, सिगड्यांचा धूर असतो, वीटभट्ट्यांची राख असते. त्या कणाकणावर ऊन पडतं आणि तो उजेड आपल्या डोळ्यांत येतो. काळ्या भिंतीवर चुन्याचा पातळ हात मारावा, तसं होतं. वस्तू जितकी लांब, तितके हात जास्त. होता होता काळ्याचं राखी होतं, राखीचं पांढुरकं होतं आणि शेवटी ती वस्तू आणि आभाळ यांत फरकच उरत नाही. फळी किती फिकी झाली यावरून हवा किती मळली ते कळतं. आणि हवा ठाऊक असली, तर फिकेपणावरून ती वस्तू किती लांब आहे तेही काढता येतं.

इंदोऱ्यातली मधली फळी होती ती आनंदरावांच्या स्वतःच्या भाड्याच्या घरावर. घरमालकीण बायजाबाईने परवानगी दिली, पण फळीच्या पाठीला खिळे ठोकून घेतले आणि त्यांवर मिरच्यांच्या माळा टांगल्या. सरकारला फळीची पाठ दिसत नव्हती, त्यामुळे सरकारचीही काही हरकत नव्हती.

त्यांची यशू सात वर्षांची. गिरणीचा नवाचा भोंगा झाला की बाबा फोटो काढतात, हे तिला माहीत झालं होतं. शाळेचा झगा घालून ती आईला ओढत गच्चीवर नेई आणि दोघी मधल्या फळीजवळ उभ्या राहून टेकडीकडे हात हलवत. फोटोत ती तांदळाच्या दाण्याएवढी यायची. विभागाचे प्रमुख वामनराव करवादायचे, "फळीजवळ माणूस नको गा, आनंदराव!" पण भिंगाखाली फोटो धरून स्वतःच विचारायचे, "आज पोट्टी नाही आली काय?"

मे महिन्यात यशू तापाने गेली. दोन दिवसांचा ताप.

आनंदरावांनी सगळं नीट केलं. तिला उचललं त्यांनीच. विहारातून भंतेजींना आणलं, पुण्यानुमोदनाला आलेल्यांना पाणी दिलं, चटया उचलून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ते कामावर हजर झाले. माणूस धीराचा, असं लोक म्हणाले. धीर वगैरे काही नव्हता. दाढ काढताना हिरडी बधिर करतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं त्यांना सगळ्या अंगभर झालं होतं. ते उतरेल म्हणून ते वाट पाहत होते, आणि ते उतरत नव्हतं.

त्या सकाळी भोंगा झाला. आनंदरावांनी भिंगाला डोळा लावला. मधल्या फळीजवळ सुमती उभी होती, एकटी. तिच्या अंगावर ते काळपट निळं लुगडं होतं. तिने हात हलवला. त्यांनी खटका दाबला आणि फिल्म पुढे सरकवली.

तेव्हापासून ती रोज यायची. रोज तेच लुगडं, रोज तीच वेळ.

२

डिसेंबरातली गोष्ट. थंडीत नागपूरची हवा जमिनीला धरून बसते आणि सिगड्यांचा धूर वर जात नाही. अशा दिवसांत आनंदरावांच्या कामाला बरकत.

ते डार्करूममध्ये होते. लाल दिव्याखाली ट्रेमधला कागद हळूहळू उमटत होता. आधी टाकीवरची फळी, कोळशासारखी. मग मधली फळी, जराशी विटलेली, जशी असायला हवी तशी. तिसरी राखी. सगळं बिनचूक होतं. मग त्यांची नजर सुमतीवर गेली.

सुमती राखी होती.

त्यांनी चिमट्याने कागद उचलून दिव्याजवळ नेला. पाणी टपटपत राहिलं. मधल्या फळीला जवळपास खांदा लावून उभी असलेली बाई फळीपेक्षा फिकी होती. लुगडं फिकं, केसही फिके. थेट रेल्वेलाइनजवळच्या तिसऱ्या फळीएवढे फिके.

धुण्यात लुगड्याचा रंग गेला असेल, आनंदराव मनाशी म्हणाले. केसांचं काय, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. पण हात पुसेपर्यंत त्यांनी तो बाजूला ठेवला.

बाहेर आले तेव्हा वामनराव टेबलाशी बसले होते. ते एकदम दचकले.

"केव्हा आले गा तुम्ही? मांजरीच्या पावलानं येता राजेहो."

"मी सकाळपासून इथंच आहो ना," आनंदराव म्हणाले.

३

संध्याकाळी त्यांनी दोरीवरचं लुगडं बघितलं. गडद होतं, चांगलं काळपट निळं. घरातली ती एक खोली, तिच्यात स्वयंपाकाचा कोपरा, बुद्धाच्या तसबिरीपुढची मेणबत्ती, खुंटीवर अजून टांगलेलं दप्तर. सुमती चुलीशी बसून भाकरी थापत होती. तिच्या हातांकडे ते बघत राहिले. भाकरी परातीत पडत होती, पण थापटण्याचा आवाज क्षणभर उशिरा आल्यासारखा वाटला. नदीच्या पल्याड कुणी धुणं आपटतं, तेव्हा हात आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, तसा.

थकवा असेल. कानात मळ असेल. आनंदरावांनी कानात तेल घालायचं ठरवलं.

ताट पुढे सरकवून सुमतीने त्यांच्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून, कपाळाला आठी घालून.

"तुले नीट दिसत नाही काय वं? चष्मा लागला असंल," ते म्हणाले.

तिने थोडा वेळ मान कलती ठेवली. मग म्हणाली, "मी म्हणून राहिली का, एकदा तरी तिचं नाव घ्या ना जी. मेपासून तुमच्या तोंडून ऐकलं नाही. मी एकटीच घेऊन राहिली."

नाव अगदी जिभेवर होतं. दोन तर अक्षरं. आनंदरावांनी तोंड उघडलं आणि भाकरीचा तुकडा आत घातला.

"उद्या ऑफिस लवकर हाय," ते म्हणाले.

"काय म्हटलं?" सुमतीने विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंग मऊ कातड्याने पुसलं. नवा फिल्मरोल घातला, रसायनं नवी कालवली, कागदाचं पाकीट नवं फोडलं. सुमती आणखी फिकी आली. परतताना बसमध्ये कंडक्टर त्यांच्यासमोरून दोनदा गेला, पण त्याने तिकीट काही मागितलं नाही. तेवढेच पैसे वाचले म्हणून आनंदराव खिडकीबाहेर बघत राहिले.

४

मोजायची सवय लागलेला माणूस घरात साप निघाला तरी आधी त्याची लांबी काढील. आनंदरावांनी तेच केलं. फोटोतलं काळं मोजायचं यंत्र ऑफिसात होतं. फळ्या मोजून झाल्या की ते त्याच्या काट्याखाली सुमतीला धरत आणि ती किती लांब आहे ते काढत.

ती तिसऱ्या फळीच्या पुढे गेली होती. मग कामठीएवढ्या अंतरावर गेली. संक्रांतीच्या सुमाराला हिशेब मौद्यापर्यंत पोचला. नंतर एके दिवशी अंतर बरोबर कुहीएवढं भरलं. कुही तिचं माहेर. आनंदरावांना वाटलं, माहेराला निघाली म्हणावं काय ही? ते हसायला गेले. ओठ हलले, पण हसू काही आलं नाही. कारण फोटोत ती होती तिथेच होती, मधल्या फळीच्या शेजारी. तांदळाएवढीच, हात वर केलेली. जागची न हलता ती दूर चालली होती.

आणि घरीही तसंच. ती वाटी ठेवायची तर आवाज बारीक यायचा. ती बोलायची तर शब्द अर्धेच पोचायचे. तिच्या आणि त्यांच्या मधे त्या एवढ्याशा खोलीत काहीतरी पांढुरकं साचत चाललं होतं. ते चुलीचा धूर म्हणून खिडकी उघडत. खिडकी आधीच उघडी असे.

आता मात्र त्यांना भीती वाटली. पोर गेली, तेव्हा ते काही करू शकले नव्हते. आता ही चालली आणि आपण नुसते मोजत बसलो आहोत, हे त्यांना कळत होतं. ती पार आभाळात मिसळली तर? तिला धरून ठेवायचं कसं, हे कुणाला विचारायचं?

त्यांनी बायजाबाईला गाठलं. ती ओट्यावर उन्हात मिरच्या निवडत बसली होती.

"बायजाबाई, एक काम होतं."

म्हातारीने मान वर केली आणि त्यांच्या शेजारच्या दाराच्या चौकटीकडे पाहिलं.

"कोन हाय जी?"

"मी, आनंदराव."

"हं हं. दिसलेच नाही तुम्ही. डोयाचा मोतीबिंदू पिकला माह्या."

"सुमतीकडे जरा ध्यान ठेवजा. ते अशी... लांब लांब राहते."

"कोन, सुमती?" बायजाबाईला नवल वाटलं. "ते कुठी जाते? दिवसभर इथंच तर असते माह्यापाशी. पोरीची आठवण निघाली का रडते, मंग तोंड धुते आन् चहा मांडते. परवा तर हासली बी जराशी. चांगली हाय ते."

आनंदरावांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं नाही. मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला काय दिसणार?

५

तो दिवस उजाडला तेव्हा हवा त्या मानाने बरी होती. आनंदराव भिंगाला डोळा लावून थांबले. नवाचा भोंगा झाला. मधल्या फळीजवळ कुणीच नव्हतं.

त्यांनी खटका दाबला. फोटो धुतला, वाळवला, भिंगाखाली धरला. फळी होती. गच्चीचा कठडा होता. कठड्यावरचा कावळासुद्धा होता. सुमती नव्हती.

ते तसेच घरी गेले. सुमती पाटावर बसून तांदूळ निवडत होती.

"आज गच्चीवर नाही गेली काय?"

तिने बऱ्याच वेळाने मान वर केली आणि डोळे बारीक केले. "गेली होती ना जी. रोज जातो. हात दुखेपर्यंत हालवला आज."

मग वामनरावांना सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आनंदरावांनी महिनाभराचे फोटो त्यांच्या टेबलावर ओळीने मांडले. वामनराव एकेक उचलत गेले आणि शेवटच्याशी थांबले. टेबलावरचा पंखा बंद होता, तरी अंगाला वारा लागल्यासारखा त्यांनी तो बंद आहे ना, हे एकदा पाहून घेतलं.

"इथं वहिनी होत्या म्हणता?"

"होत्या."

"कॅमेरा जागचा हलला असंल गा."

दोघे गच्चीवर गेले. कॅमेरा बोल्टांनी आवळलेला होता आणि खांब सिमेंटात होता. वामनरावांनी धक्का देऊन पाहिलं. काहीच हललं नाही. कॅमेऱ्यामागे आनंदराव उभे होते, त्यांना कुणी धक्का देऊन पाहिलं नाही.

"असं करा," वामनराव म्हणाले. "उद्या तुम्ही तिथी उभे राहा, वहिनीच्या बाजूले. फोटो मी घेतो. तुम्ही फळीएवढे काळे आले आन् त्या फिक्या आल्या, तर मंग पाहू काय ते."

बोलताना ते आनंदरावांच्या तोंडाकडे पाहत होते. पण नजर थोडी चुकत होती, थोडी डावीकडे जात होती.

६

सकाळी गच्चीवर ऊन कोवळं होतं. फळीच्या पाठीमागे मिरच्यांच्या माळा वाऱ्याने खुळखुळत होत्या. आनंदराव आधीच येऊन उभे होते. सुमती जिना चढून आली, त्यांच्या अगदी जवळून गेली आणि फळीजवळच्या आपल्या जागेवर उभी राहिली. ते तिच्या शेजारी सरकले.

"मी बी आलो आज," ते म्हणाले.

ती टेकडीकडे बघत होती. पदर डोक्यावरून घेतला आणि पुटपुटली, "वारा गार हाय आज."

त्यांनी तिचा हात धरला. तिची बोटं त्यांच्या हातात होती, असणारच. पण ते त्यांना खाली बघून ठरवावं लागलं. ऊब लागली नाही आणि हाडंही लागली नाहीत. सुमतीने बोटं मिटली, जशी ती यशूचा हात धरताना मिटायची.

टेकडीवर ऑफिस दिसत होतं, पांढऱ्या ठिपक्यासारखं. आनंदरावांनी ते इतक्या वर्षांत या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, किती लांब आहे हे! इथून माझी पोरगी रोज हात हलवायची आणि तिला काय दिसत असेल? काहीच नसेल. नुसता ठिपका. तरी ती रोज हलवायची.

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मे महिन्यापासून पहिल्यांदा.

भोंगा झाला. सुमतीने मोकळा हात वर केला. आनंदरावांनीही केला.

७

फोटो धुवायला दुसऱ्या कुणाला दिला असता, तर बरं झालं असतं. पण आनंदरावांची ती सवयच नव्हती. ते दुपारी ऑफिसात आले. कुणी "या" म्हटलं नाही आणि त्यांनाही ते जाणवलं नाही. थेट डार्करूममध्ये शिरून त्यांनी लाल दिवा लावला.

कागदावर पहिली फळी उमटली. मग मधली फळी उमटली. मग तिच्या शेजारी सुमती.

ती फळीएवढीच काळी होती. लुगडं काळं, केस काळे, कड कशी चाकूने कापल्यासारखी स्वच्छ. ती तिथेच होती, दोन मैलांवर, जिथे असायला हवी तिथे. सगळा काळ ती तिथेच होती. उजवा हात वर होता. डावा हात बाजूला थोडा पुढे धरलेला होता आणि त्याची बोटं कशावर तरी मिटलेली होती.

बोटांच्या पुढे आभाळ होतं.

आनंदराव कागद ट्रेमध्ये हलवत राहिले. आता येईल, जरा वेळ लागतो, असं म्हणत राहिले. सुमती उमटून उमटून जास्तच काळी झाली. तिच्या शेजारची जागा पांढरीच राहिली. त्यांनी ओलाच कागद यंत्राच्या काट्याखाली धरला. आभाळ मोजलं, ती जागा मोजली. काटा दोन्हीकडे एकाच ठिकाणी थांबला. तेवढ्या अंतराला त्यांच्या तक्त्यात गावच नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा ट्रेमध्ये सोडला.

दार उघडलं. वामनराव आत आले आणि दोरीकडे, ट्रेकडे, दिव्याकडे त्यांनी पाहिलं. आनंदराव त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते, चिमटा धरून.

"साहेब," आनंदराव म्हणाले.

"दिवा चालूच सोडून गेले," वामनराव स्वतःशी बोलले. मग ट्रेमधल्या फोटोवर वाकून म्हणाले, "वहिनी तर चांगल्या आल्या. हे आनंदराव कुठी राह्यले? गेलेच नाहीत का काय तिकडे?" आणि त्यांनी हात लांबवून दिवा बंद केला.

आनंदराव टेकडी उतरून पळत सुटले. बससाठी थांबण्यात अर्थ नव्हता. दिवसभराचं ऊन धुळीवर पडून समोरचं शहर पांढुरकं झालं होतं. पळताना ते एकाच गोष्टीचा विचार करत होते. अजून वेळ आहे. आपण लांब गेलो, तर परतही येता येईल. तिने मागितलं होतं ते द्यायचं, बस्स. दोन तर अक्षरं.

जिना चढून ते गच्चीवर आले. बायजाबाई माळा उतरवत होती. सुमती कठड्याशी उभी होती, त्यांच्याकडे पाठ करून, तोंड टेकडीकडे. ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. तिच्या मानेवरचे बारीक केस दिसावेत इतके जवळ.

"यशू," आनंदराव म्हणाले.

आणि एकदा नाव निघालं तसा आतला बांध फुटला. ते ओरडले, "यशू! यशू वं!" सगळं अंग गदगदून ते रडत होते, लहान पोरासारखे. बधिरपणा उतरला होता आणि आता भयंकर दुखत होतं. त्यांना ते दुखणं हवं होतं.

बायजाबाईने शांतपणे एक माळ गुंडाळून टोपलीत टाकली.

बऱ्याच वेळाने, ते ओरडून दमल्यावर, सुमतीची मान हलली. तिने कान टवकारला. चेहरा उजळला तिचा.

"बायजाबाई, ऐकलं काय तुम्ही? यायनं हाक मारली. पोरीचं नाव घेतलं."

"मले तर काहीच ऐकू नाही आलं वं."

"आली. लय लांबून आली," सुमती म्हणाली.

आनंदरावांनी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. तिने कपाळावर हात आडवा धरला, डोळे बारीक केले आणि समोरच्या त्या धुरकट पांढऱ्यात बघत हात हलवायला सुरुवात केली. टेकडीच्या दिशेने, जोरजोराने, यशू हलवायची तसा.